राखणदाराला डिपर

यंदाही काटेसावर फुलली. मला ती दिसली बोरिवलीच्या सिग्नलला, पतपेढीतून घरी येताना. तिथे हायवेच्या कडेला नॅशनल पार्कची भिंत आहे आणि भिंतीवरून सावरीची एक फांदी बाहेर आली आहे. पान एकही नाही, नुसती लाल, जाडजूड फुलं. एक फूल माझ्या डोळ्यांदेखत सुटलं आणि पुढच्या टेम्पोच्या ताडपत्रीवर धप्पकन पडलं. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला आणि मागच्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. खरं सांगायचं तर मला आनंद वगैरे काही झाला नाही. पूर्वी असं काही दिसलं की आत कुठेतरी हलायचं. आता आधी पाठ दुखते, मग मान, आणि मग आठवतं की सकाळी कडधान्य भिजत घालायचं राहिलं.

ह्या ऋतूला मुंबईत नाव नाही. थंडी म्हणावी तर ती जानेवारीत तोंड दाखवून गेलेली असते, उन्हाळा म्हणावा तर पंखा अजून दोनवरच चालतो. सोसायटीतल्या आंब्याला मोहोर येतो, त्याच्याखाली लावलेल्या गाड्या चिकट होतात आणि त्यावरून मीटिंगमध्ये भांडणं होतात. दहावी-बारावीची मुलं पारदर्शक पाऊच हातात धरून सकाळी रिक्षा शोधत उभी असतात आणि त्यांच्या आया त्यांच्याहून घाबरलेल्या असतात. एसी दुरुस्त करणारे दाराच्या कडीत कार्ड खोचून जातात. हे सगळं दिसायला लागलं की समजायचं, तिकडे पार्काच्या डोंगरात साग उघडे पडले असणार आणि कान्हेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पानांचा थर साचला असणार.

मला हे कळतं, कारण एका वर्षी हा अख्खा ऋतू मी दर रविवारी त्या रस्त्यावर काढला आहे. मी गाडी चालवत होते आणि शेजारी आबा बसले होते. आबा म्हणजे माझे वडील.

आबा आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. आजूबाजूचे कितीतरी जण गावी परत गेले. आबा गेले नाहीत. मुंबईला येण्याआधी त्यांनी कोकणातल्या घाटात लाकडं वाहणाऱ्या ट्रकवर क्लीनर म्हणून काम केलं होतं. तेवढ्या भांडवलावर त्यांनी लायसन काढलं आणि कांदिवलीत शाळेची बस चालवायला लागले, ती म्हातारपणापर्यंत. घरात ते पाहुण्यासारखे वागायचे. चहा मिळाला तर प्यायचे, नाही मिळाला तर मागायचे नाहीत. बसमध्ये मात्र त्यांचा आवाज बदलायचा. कुठलं मूल खिडकीतून हात बाहेर काढतं, कुणाला वळणावर मळमळतं, हे त्यांना पाठ असायचं. आम्हा भावंडांच्या इयत्ता मात्र दरवर्षी विचाराव्या लागायच्या.

रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसणं त्यांना जमायचंच नाही. रिक्षात बसले तरी त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत असायचा. आई गेल्यावर ते चारकोपला माझ्याकडे राहायला आले, ते एक पेटी, देवाचे फोटो आणि ती गाडी घेऊन.

मग काचबिंदू झाला. काचबिंदू दुखत नाही, हा त्याचा चावटपणा. आधी कडेचं दिसणं जातं आणि समोरचं तेवढं राहतं, त्यामुळे माणसाला वाटतं आपलं सगळं ठीक चाललंय. आबांनाही तसंच वाटत होतं, एका संध्याकाळी डाव्या बाजूने येणारी टोमॅटोची हातगाडी त्यांनी उलथवेपर्यंत. कुणाला लागलं नाही. भाजीवालाच उलट "जाने दो चाचा" म्हणाला. रस्ताभर टोमॅटो घरंगळले होते आणि आबा खाली वाकून ते उचलत होते, पण डावीकडचा एकही त्यांना सापडत नव्हता. मी शेजारी उभी राहून ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी मुलुंडहून विलास आला, माझा धाकटा भाऊ. तो फार बोलला नाही. "आबा, आता पुरे," म्हणाला आणि गाडीची किल्ली खिशात टाकली. आबांनी वाद घातला नाही. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी फ्रिजवर ठेवलं.

"आता माका खंय येळेर जावचा हा?" एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते गॅलरीत बसायला लागले. सकाळी बसायचे ते जेवायला उठायचे, जेवून परत बसायचे. टीव्ही नको, पेपर नको, खालच्या बाकावरचे म्हातारे नकोत. दिवाळी अशीच गेली. मला त्यांची कीव यायची आणि तितकीच चीडही यायची, हे लपवण्यात अर्थ नाही. दिवसभर पतपेढीच्या काउंटरवर लोकांची वैतागलेली तोंडं बघायची आणि घरी आल्यावर दारातच हे तोंड. मी पन्नाशी ओलांडली होती, गुडघे बोलायला लागले होते, मुलगा बंगलोरला नोकरीला गेला होता, आणि मला कुणीतरी फक्त "बस जरा" असं म्हणावं असं वाटत होतं. तसं कुणी म्हणालं नाही. जगात बहुतेक सगळ्याच बायकांना असं वाटत असावं, म्हणून कुणी कुणाला म्हणत नसावं.

एकदा मी त्यांना रिक्षाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन चालले होते. रिक्षावाला गिअर टाकताना दरवेळी खरखर आवाज यायचा. आबा कित्येक आठवड्यांनी आपणहून बोलले.

"ह्येका क्लच म्हाईत नाय."

मी पटकन म्हणाले, "आबा, मला गाडी शिकवा ना."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, म्हणजे मान नीट माझ्यासमोर आणून बघितलं.

"तू? तू सायकलवरसून पडलंस हुतंस."

"म्हणूनच."

घरी सांगितलं तर नवरा हसला. "तुला गाडी? तू रिक्षात बसलीस तरी डोळे मिटतेस!" विलासचा तर मुलुंडहून फोनच आला. "ताई, तू वेडी झालीस का? ज्यांना दिसत नाही त्यांना शिकवायला बसवतेस? वाट लागेल ना!" मी म्हणाले, "दिसायला मी आहे ना. त्यांनी नुसतं बोलायचंय. तू किल्ली पाठव." दोन दिवस तो चिडलेला होता. मग आला, किल्ली टेबलावर ठेवली आणि चहा न घेता गेला.

मला गाडी शिकायची अजिबात हौस नव्हती, हे इथे सांगून टाकते. रविवारी सकाळी उठायचं म्हणजे माझ्या आठवड्यातली एकमेव झोप मोडायची. पण आबांना आणखी कशात गुंतवता येईल ते मला सुचत नव्हतं.

रस्ता त्यांनीच ठरवला. शाळेच्या सहली घेऊन ते वर्षानुवर्षं कान्हेरीला गेले होते, त्यामुळे पार्कातला तो रस्ता त्यांना तोंडपाठ होता. तेव्हा आत आपली गाडी नेता यायची. पहिल्या रविवारी गेटवरच्या वनरक्षक बाईने गाडीवरचा लाल एल बघितला, मग माझ्याकडे, मग आबांकडे.

"काका, विड्या-काडेपेटी आहे का? इथे द्यायची. येताना न्यायची. आत आग लागते ना ह्या दिवसांत, पानं बघा किती सुकलीत."

आबांनी निमूटपणे खिशातला विड्यांचा कट्टा काढून दिला. ते काढताना त्यांचा चेहरा जरा पडला. त्यांना विडी सोडून कितीतरी वर्षं झाली होती, म्हणून मला नवलच वाटलं.

"आणि मॅडम, हॉर्न नाही मारायचा. खायला नाही टाकायचं काही. हळू जा, वळणावर माकडं बसलेली असतात."

आम्ही आत शिरलो. सुरुवातीला बोटिंगचं तळं, चालायला येणारी मंडळी, कानटोप्या घातलेले आजोबा, हाताने टाळ्या वाजवत जाणाऱ्या बायका. मग हळूहळू माणसं संपतात आणि रस्ता झाडीत शिरून डोंगर चढायला लागतो. मी घामाने भिजले होते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट आवळलं होतं.

"गळो दाबू नको तेचो," आबा म्हणाले. "मरात तो."

मी हात सैल केले.

"क्लच सोडताना पायाखाली अंडा हा असा समज. हां. आता आयक. गाडी काय सांगता?"

"काय सांगते?"

"दुसरो मागता."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मला फक्त माझी छाती ऐकू येत होती. पण दोन-तीन रविवारांनी ते कळायला लागलं. चढावर इंजिनाचा आवाज जड होतो, कण्हल्यासारखा, तो आला की खालचा गिअर द्यायचा. मोकळा झाला की वरचा. आबा कधीच "बघ" म्हणायचे नाहीत, "आयक" म्हणायचे. मला वाटायचं, ही त्यांची शिकवायची पद्धत.

अर्ध्या वाटेवर एक छोटा पूल आहे, त्याच्यावर गाडीला जरासा धक्का बसतो. पूल ओलांडला की डावीकडे वळण, आणि वळणावर एक जुना वड. वडाखाली दोन दगड. शेंदूर नाही, फूल नाही, काही नाही, नुसते दगड. पहिल्या रविवारी तिथे आल्यावर आबांनी गाडी थांबवायला सांगितली आणि सवयीने खिशात हात घातला. विड्या गेटवर होत्या.

तेव्हा मला उलगडा झाला. कोकणात आमच्या गावाकडे जंगलाच्या तोंडाशी राखणदाराचा दगड असतो. रान राखणारा, वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा. त्याच्यासमोरून जाताना ड्रायव्हर हॉर्न देतात आणि क्लीनर उतरून एक विडी ठेवतो. आबा क्लीनर होते तेव्हा हे काम त्यांचं होतं. शाळेच्या सहलींना बसमधून उतरून ते इथे विडी ठेवायचे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

"आबा, हा तुमचा राखणदार नाही. हा बोरिवलीचा आहे. इथला राखणदार म्हणजे बिबट्या."

"मगे तेका. रान आसा थंय राखणदार आसता. तो काय आपल्या गावात एकटोच ऱ्हवता?"

पण द्यायचं काय? विडी ठेवायला बंदी, खायचं ठेवायला बंदी, हॉर्नला बंदी. नारळ फोडला असता तर त्या वनरक्षक बाईने आम्हालाच फोडलं असतं. आबा जरा वेळ विचारात बसले. मला मनातून हसू येत होतं आणि त्यांचं वाईटही वाटत होतं.

"डिपर दे," ते शेवटी म्हणाले.

डिपर म्हणजे गाडीच्या पुढच्या दिव्यांची उघडझाप. समोरून येणाऱ्या ट्रकला ड्रायव्हर देतात ती. मी स्टिअरिंगमागचा दांडा दोनदा माझ्याकडे ओढला. वडाखाली सावली होती, त्यामुळे त्या दगडांवर दोनदा पिवळा उजेड पडला आणि गेला.

"बरा दिलास," आबा म्हणाले आणि समाधानाने मागे टेकले.

तो आमचा नेमच झाला. पूल, धक्का, वळण, वड, डिपर. आणि आबांचं "बरा दिलास". ते ऐकल्याशिवाय मला तिसरा गिअर टाकवेना.

त्या ऋतूचं काय काय सांगू? आठवायला बसलं की सलग काही येत नाही. सागाची ताटाएवढी पानं चाकाखाली कडाकड मोडायची, पापडांच्या डब्यावर बसल्यासारखी. पळसाला केशरी तुरे आले होते. सावरीवर साळुंक्यांचा असा कलकलाट चालायचा की आबा म्हणायचे, मधल्या सुट्टीत पोरांचा असाच असतो. माकडं सावरीची फुलं खुडून, मधलं तेवढं खाऊन, पाकळ्या खाली टाकायची. ओढे आटलेले होते आणि त्यांच्यातले गोटे पांढरे पडले होते. वनखात्याची माणसं रस्त्याच्या कडेची पानं गोळा करून जाळायची, वणवा पसरू नये म्हणून. तो धुराचा वास माझ्या ओढणीला सोमवारपर्यंत असायचा आणि पतपेढीत शेजारची सहकारी विचारायची, "काय गं, चुलीवर स्वयंपाक करतेस की काय?"

वर पोचल्यावर आम्ही लेण्यांकडे जायचो नाही. माझे गुडघे आणि त्यांचे डोळे, दोन्हींना त्या पायऱ्या नको होत्या. पायथ्याशी आदिवासी बायका बोरं, कच्च्या चिंचा, मीठ लावलेल्या काकड्या घेऊन बसलेल्या असायच्या. त्यांच्याकडून बोरं घ्यायची आणि गाडीचं दार उघडं ठेवून खायची. एका रविवारी पौर्णिमा होती. लेण्यांत वंदनेला आलेली, पांढरे कपडे घातलेली कितीतरी बौद्ध कुटुंबं बसमधून उतरत होती, बाया, माणसं, कडेवरची पोरं. त्यातल्या एका आजीला तिचा नातू सांगत होता, "आजी, इथे पायरी आहे, इथे उंच आहे, आता सपाट." आजी त्याच्यावर खेकसली, "दिसतंय मला!" आबा बोर चघळत होते, ते थांबले. मग म्हणाले, "तिका दिसणा नाय हां." आणि परत चघळायला लागले.

महाशिवरात्रीच्या सुमाराला त्यांची डोळ्यांची तपासणी होती. वाकोल्याला एक डॉक्टरीणबाई होत्या, फार आशेला लावणाऱ्या नव्हेत, म्हणून मला बऱ्या वाटायच्या. तपासून झाल्यावर त्यांनी आबांना बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत थांबवलं.

"डावा पूर्ण गेलाय. उजव्यातही आता फक्त समोरचं भोकाएवढं राहिलंय. वर्षभर, फार तर. थेंब चालू ठेवा. थांबवता येईल असं मी म्हणणार नाही."

"त्यांना सांगू?"

"तुम्ही ठरवा. पण घरातली त्यांची चालायची वाट मोकळी ठेवा. फर्निचर हलवू नका."

मी बाहेर आले. आबा भिंतीला टेकून बसले होते. "काय म्हणाली?"

"थेंब चालू ठेवायला सांगितलेत. बरं आहे."

"बरा," ते म्हणाले.

तो आठवडा माझ्या अंगावर आला. मार्च जवळ आला होता, पतपेढीत वर्षाअखेरची कामं, उभं राहायला वेळ नाही. रात्री घरी येऊन मी खुर्च्या भिंतीकडे सरकवत होते, टीपॉय माळ्यावर टाकत होते. नवऱ्याने विचारलं तर म्हणाले, साफसफाई. विलासला फोनवर खरं सांगितलं. तो म्हणाला, "आबांना मी नेऊ का मुलुंडला?" नवीन घरात, नवीन भिंतींत, आता? मी नको म्हणाले. म्हणजे सगळं मीच करणार, असं मीच ठरवलं. फोन ठेवल्यावर मला कुणाचा तरी भयंकर राग आला. कुणाचा ते कळेना.

रविवारी मला उठवत नव्हतं. अंग जड झालं होतं. पण आबा आंघोळ करून, केस पाण्याने चापून, सोफ्याच्या टोकावर तयार बसले होते, शाळेची बस चालवायचे तेव्हा बसायचे तसे. आम्ही निघालो. गेटवर वनरक्षक बाई आता ओळखीची झाली होती. "काय काका, शिकल्या का मॅडम?"

"शिकता. ब्रेकाक घाबरणा नाय, एक्सलेटराक घाबरता."

ती हसली. मी हसले नाही. गाडी चढाला लागली, मी दुसरा टाकला, सगळं हात-पायच करत होते. पानं मोडत होती. डोक्यात एकच चाललं होतं, वर्षभर, फार तर. ह्या माणसाला पुढच्या वर्षी ही सावर दिसणार नाही. आणि त्याला ते माहीत नाही. तो काकडी घ्यायची की बोरं ह्याचा विचार करत बसलाय.

पुलावर धक्का बसला. वळण आलं, गेलं.

"बरा दिलास," आबा म्हणाले.

मी आणखी थोडी पुढे गेले आणि मग माझ्या लक्षात आलं. मी डिपर दिलाच नव्हता. माझा हात दांड्याकडे गेलाच नव्हता.

म्हणजे त्यांना दिसत नाही. आताच दिसत नाही. पुढच्या वर्षी नाही, आज. इतके रविवार तो उजेड त्यांना दिसला तरी होता का? मी गाडी कडेला घेतली. डोळे भरून आले आणि थांबेनात. एवढंसं भोक उरलंय म्हणाल्या होत्या बाई, त्या भोकातून त्यांनी मला रडताना बघितलं तर? मी त्यांचं तोंड दुसरीकडे वळवण्यासाठी जे सुचलं ते बोलले.

"आबा, डावीकडे बघा. हरणं."

डावीकडे काही नव्हतं. वाळलेली कारवी होती आणि पानं होती.

आबांनी मान डावीकडे वळवली. वळवली ती वळवूनच ठेवली.

"हां," ते म्हणाले. "नर मोठो हा. शिंगा बघ केवढी."

मी ओढणी तोंडात कोंबली आणि रडले. आवाज न करता रडायची सवय बायकांना असतेच. आबा खिडकीबाहेर बघत सावकाश बोलत राहिले. "पाण्याक इली असतली... एक पिल्लू पण आसा... घाबरणत नाय बघ... अशी आमच्या घाटात पण येयत, ट्रकाच्या उजेडात उभी ऱ्हवत..." मला वाटलं, बिचारे. दिसत नाही हे मला कळू नये म्हणून किती धडपडतायत. मग मी डोळे पुसले, नाक पुसलं, एक श्वास घेतला.

"गेली," आबा म्हणाले. "चल. पयलो टाक."

त्या दिवसाबद्दल मी कुणालाही काही बोलले नाही. आबांना दिसत नाही हे मला कळलं आणि मला कळलंय हे आबांना कळलं नाही, अशी मी मनाची समजूत घालून ठेवली. पुढचे रविवार मी डिपर द्यायला एकदाही विसरले नाही. एप्रिल लागला, सावरीची बोंडं फुटून कापूस उडायला लागला, माझी टेस्ट झाली आणि मी पास झाले. आबांनी देवासमोर साखर ठेवली. मग म्हणाले, "आता तुका येता. आता माझा काम नाय." पुन्हा पार्कात जायचं त्यांनी नाव काढलं नाही. पुढच्या थंडीत उजवा डोळाही गेला. मी फर्निचर पुन्हा हलवलं नाही.

ह्याला आता काही वर्षं झाली. आबा घरात भिंतीला हात लावत फिरतात, गॅलरीतल्या खुर्चीत बसतात, खालून जाणाऱ्या गाड्यांचे क्लच खराब झालेत की नाहीत ते सांगतात. बहुतेक बरोबर असतं. गाडी मी चालवते, तीच जुनी पांढरी. दमते. आंघोळ घालायला, थेंब घालायला, जेवण वाढून "वाटी उजवीकडे" सांगायला, सगळ्याला दमते. त्यांच्यावर ओरडतेही. मग जाऊन पुन्हा वाटीला हात लावून देते.

परवा सिग्नलवरून घरी आले तर बॉनेट आणि काचेच्या फटीत सावरीचं एक फूल अडकलं होतं. माझ्याही गाडीवर एक पडलं होतं आणि मला कळलं नव्हतं. ते घेऊन वर गेले आणि आबांच्या हातात दिलं. त्यांनी पाकळ्या चिमटीत धरून बघितल्या.

"सावर. पार्कातली?"

"भिंतीवरची."

"तो वड आसा मा अजून?"

"असेल. आता म्हणे आत आपली गाडी नेऊ देत नाहीत आबा."

"मगे राखणदाराक डिपर कोण देता?"

"कोणी नाही देत."

ते स्वतःशीच हसले. फूल हातात फिरवत राहिले. मी पर्स खांद्यावरून काढली, स्वयंपाकघराकडे वळले.

"तुझो एक ऱ्हवलो हा," ते मागून म्हणाले.

"काय?"

"डिपर. एक आयतवार दिलंस नाय."

मी मागे वळले.

"तुम्ही तर बरा दिलास म्हणालात."

"म्हटलंय."

"पण तुम्हाला तर दिसतच नव्हतं."

"दिसाक तो पयल्या दिसापासून नव्हतो. दांड्याची टकटक आयकाक येय. त्या दिशी इली नाय." त्यांनी फूल दुसऱ्या हातात घेतलं. "वाकोल्याची डॉक्टरीण बोलली ताव आयकलंय. दार पातळ हा तिचा."

मला बसावंसं वाटलं. मी बसले नाही.

"आणि हरणं?"

"खंयची हरणा?"

"मग शिंगं केवढी, पिल्लू आहे, हे सगळं कशाला सांगत बसला होतात?"

आबांनी फूल मांडीवर ठेवलं. ज्या बाजूला मी नव्हते त्या बाजूला तोंड करून ते म्हणाले,

"तुका रडूक येळ व्हयो हुतो, गो."

खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं. मी स्वयंपाकघरात गेले, अंधारच होता, भिंतीवरच्या बटणावर हात ठेवला. दिवा लावला, घालवला. पुन्हा लावला, घालवला.

"हां," गॅलरीतून आबांचा आवाज आला. "आता दिलंस."